तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन अँटिबायोटिक का येत नाहीत?

गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत आहे म्हटलं की चवथीला आलेला पाहुणा असो नाहीतर बसमध्ये शेजारी बसलेला कोणी, पाच मिनिटांत हाच प्रश्न येतो, की पेपरात सारखं छापून येतं जंतू आता औषधांना दाद देत नाहीत, मग तुम्ही लोक नवीन अँटिबायोटिक का काढत नाही? आणि तोंडावर असा भाव की आम्ही मुद्दाम लपवून ठेवलंय. (हेच लोक निघताना हळूच विचारतात, घरात एखादी अझिथ्रोमायसिनची, म्हणजे अँटिबायोटिकचीच, स्ट्रिप पडलीय का, ते सोडा.)

एक तर आमच्या प्लांटमध्ये शोध लागत नाहीत हो, दुसऱ्यांनी कधीच शोधलेली औषधं बनतात. मी क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, मायक्रोबायोलॉजीला. अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर जंतू पसरायचे, प्लेटला पाडलेल्या भोकांत औषध सोडायचं, रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. सकाळी सगळी प्लेट दुधाळ झालेली असते आणि औषधाभोवती तेवढा स्वच्छ गोल. तो गोल मिलिमीटरमध्ये मोजला की औषधात जोर किती ते कळतं. पण आमचे जंतू म्हणजे टेस्टसाठीच ठेवलेले, गरीब बिचारे, औषध लागलं की मरतात. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, क्लेबसिएला जंतूची प्लेट बघितलीत तर औषधाच्या चकतीला चिकटून वाढलेला दिसेल, गोलाचं नाव नाही.

असल्या जंतूला मारणं कठीण, कारण त्याला बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यातून औषध आत गेलंच तर उपसून बाहेर टाकणारे पंप, आणि वर औषधच तोडून टाकणारी एन्झाइम्स. तरीसुद्धा शोध लागतात. आपल्याकडेही लागतात, चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेलं एनमेटाझोबॅक्टम घ्या, ते जंतूची यातली काही एन्झाइम्स अडवतं आणि मग सोबतचं जुनं अँटिबायोटिक सेफेपीम आपलं काम करतं. या जोडीला २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. किती पेपरांनी छापलं?

खरं घोडं पेंड खातं ते पुढे, पैशापाशी. बीपीची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक पाच-सात दिवस. त्यातून नवीन औषध खरंच जालीम असेल तर डॉक्टर ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणार, आणि ठेवायलाच पाहिजे, नाहीतर तेही लवकर निकामी होईल. म्हणजे माल जितका चांगला तितका कमी खपायला हवा! असल्या धंद्यात पैसा कोण घालणार सांगा.

ज्यांनी घातला त्यांचं काय झालं तेही बघा. अमेरिकेत अकेओजेन म्हणून कंपनी होती, वर्षानुवर्षं राबून त्यांनी प्लाझोमायसिन हे नवीन अँटिबायोटिक आणलं, जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. औषध फेल गेलं नव्हतं हं, त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. पुढे ते सिप्लाने घेतलं, म्हणजे ज्यांचे प्लांट इथे वेर्ण्यातच आहेत त्यांनी, आणि घेतलं ते अगदी मातीमोलाने, पन्नास लाख डॉलरसुद्धा द्यावे लागले नाहीत. हे मी सांगितलं की पाहुणे जरा गप्प होतात.

मग उपाय काय, तर ब्रिटनने २०२२ मध्ये एक सुरू केला, केबलच्या वर्गणीसारखा. तेव्हा दोन अँटिबायोटिकसाठी सरकारने कंपन्यांना वर्षाला ठरावीक रक्कम द्यायचं ठरवलं, प्रत्येकी एक कोटी पौंडांपर्यंत, औषध कमी वापरलं काय नि जास्त वापरलं काय, पैसे तेवढेच. मला हे पटतं, कारण कपाटात राखून ठेवलेल्या औषधाचेही पैसे मिळतात आणि एमआरला, म्हणजे कंपनीच्या औषध खपवणाऱ्या प्रतिनिधीला, डॉक्टरच्या मागे लागावं लागत नाही. आपल्याकडे कितीतरी लोक औषधाचं बिल अजून स्वतःच्या खिशातून भरतात, तेव्हा ही वर्गणी कोणी भरायची, दिल्लीने, पणजीने की कोणी, हे आता तुम्हीच मला सांगा.