डाव्या हातावर अडलेला घोडा

मल्हारला आम्ही नोव्हेंबरात, पुण्यातला शर्यतींचा हंगाम संपल्यावर, शर्यतीतून बाहेर पडणाऱ्या घोड्यांच्या एका लिलावात घेतले. पाच वर्षांचा, कुमैत रंगाचा, खच्ची केलेला थरोब्रेड. बोली लागण्याआधी मिळालेल्या दहा मिनिटांत मी त्याचे चारही पाय नीट चाचपले, त्याला दुडकीवर पळवून पाहिले, आणि तोंड उघडले ते फक्त पुढच्या दातांवरून वय ताडण्यापुरते. दाढांपर्यंत माझा हात गेला नाही. त्याची किंमत पुढे जवळजवळ दोन महिन्यांच्या खोळंब्याने मोजावी लागली आणि त्याची चुटपूट अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवातीचे दिवस सुरळीत गेले. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, निम्म्यावर आणली, चारा वाढवला, रोज काही तास त्याला मोकळे सोडले आणि सहा आठवडे पाठीवर कोणी बसले नाही. मग लांब दोरीवर वर्तुळे, नंतर खोगीर, नंतर चाल आणि दुडकी. शर्यतीचा घोडा ताणलेल्या लगामावर टेकून वेग धरायला शिकलेला असतो, त्यामुळे त्याला ओढून थांबवू पाहणारा स्वार त्याच्या समजुतीप्रमाणे त्याला पळायलाच सांगत असतो. मल्हारच्या बाबतीत श्वास सोडणे, बैठक जड करणे आणि वर्तुळ लहान करत जाणे एवढ्यावर काम भागले. जमिनीवर साधारण 1.3 मीटर अंतराने मांडलेल्या दांड्यांवरून तो तिसऱ्या दिवशी मान खाली घालून दुडकीने गेला, तेव्हा मार्चपर्यंत याला घेऊन अडथळे उडवण्याच्या लहान स्पर्धेत उतरता येईल असे मला खात्रीने वाटले होते.

तो अडला कँटरवर, म्हणजे दुडकीपुढच्या तीन ठोक्यांच्या धावेवर, आणि तोही फक्त डाव्या हातावर, म्हणजे डावीकडे वळत जाताना. उजव्या हातावर तो सुंदर, गोल कँटर करी. डावीकडे वळताच मान वर फेकी, डाव्याऐवजी उजवा पाय पुढे टाकी, मागचे आणि पुढचे पाय वेगवेगळ्या बाजूंनी चालवी आणि शेवटी दुडकीवर घसरे. याचे कारण मला तयारच सापडले. पुणे आणि मुंबईचे महालक्ष्मी या दोन्ही ठिकाणी शर्यती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावतात. म्हणजे या घोड्याने आयुष्यभर वेगात उजवीच वळणे घेतली होती. डावी बाजू आखडलेली असणार, सवयीने सुटेल, असे प्रशिक्षकांनीही सांगितले. हे कारण इतके पटण्यासारखे होते की दुसरे शोधण्याची गरजच मला वाटली नाही. तीन आठवडे आम्ही डावी वर्तुळे घातली. फुलीच्या आकाराचा लहान अडथळा त्याने उजवीकडून आनंदाने उडवला. डावीकडून आणले की दोन ढांगा आधी डोके वर, आणि थांबला. एकदा मी चिडून टाच जोरात मारली. तेव्हा त्याने जिभेची कड बाहेर काढून जबडा आडवा फिरवला, ते मी पाहिले आणि त्याचा हट्ट समजले. त्या टाचेबद्दल मला आजही वाईट वाटते.

खरी गोष्ट लक्षात आणून दिली ती आमच्या सईसाने, मामांनी. चाऱ्याच्या गव्हाणीखालून त्यांनी लसूणघासाचा एक गोळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. लिंबाएवढा, ओला, दोरीसारखा पीळ पडलेला, अर्धवट चावून टाकलेला. “ताई, रोज सकाळी असे सात-आठ पडतात. हा चावतोय एकाच बाजूनं. याच्या तोंडात काहीतरी खुपतंय.” मी त्याच्या गालावरून, बाहेरूनच, वरच्या डाव्या दाढांच्या रेषेवर बोट दाबले आणि त्याने झटक्यात मान काढून घेतली.

यानंतर जे व्हायला दोन दिवस पुरले असते त्याला पाच आठवडे लागले. घोड्याच्या दाढांचे काम यंत्राने, भूल देऊन, तोंड उघडे ठेवणारी चौकट लावून करणारे पशुवैद्यक थोडे. ज्यांचे नाव सर्वांनी सुचवले ते एका घोड्यासाठी येत नसत. परिसरातले किमान आठ घोडे जमले की फेरी ठरेल, असे त्यांच्या दवाखान्यातून सांगण्यात आले. पहिल्या आठवड्यात पाच जमले. दुसऱ्या आठवड्यात दोघांनी नावे मागे घेतली. ठरलेली तारीख एकदा आदल्या रात्री रद्द झाली, आणि नवी तारीख मिळण्यासाठी मी रोज फोन करत राहिले. जनावराला दुखत आहे हे कळलेले असताना नुसते वाट पाहत बसणे किती अवघड असते, हे ज्याने घोडा पाळला आहे त्यालाच समजेल. त्या काळात मी त्याच्या तोंडातून बिट, म्हणजे लगामाला जोडलेली तोंडातली दांडी, काढून टाकला, चारा भिजवून दिला आणि त्याला फक्त दावे लावून चालवले.

अखेर डॉक्टर आले, आणि काम मात्र त्यांनी फार मायेने आणि निगुतीने केले. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि दात आयुष्यभर वर येत राहतात, म्हणून वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजेविना सुरीसारखी धारदार होते. मल्हारच्या वरच्या डाव्या दाढांनी गालाच्या आतून रुपयाएवढी जखम केली होती. शिवाय त्याच बाजूला, पहिल्या दाढेच्या पुढे, बिट जिथे येऊन टेकतो तिथेच, एक छोटा वुल्फ टूथ, म्हणजे बिनकामाचा खुंटासारखा दात, होता. डावा लगाम घेतला की गाल त्या धारेवर दाबला जात होता. दात काढला, धारा घासल्या, काम तासाभरात संपले.

दहा दिवस बिट लावला नाही. अकराव्या दिवशी रबरी बिट घालून डाव्या हातावर कँटर मागितला आणि पहिल्याच खेपेला डावा पाय पुढे आला. मी लगाम सैल सोडून त्याच्या मानेवर डोके टेकवले. आखडलेपणा थोडा होताच, पण तो खरोखरच पंधरा दिवसांत सुटला. त्यानंतर फुलीआधी 2.7 मीटरवर एक दांडी टाकून दुडकीतून उड्या, मग दोन अडथळ्यांच्या रांगा, आणि एप्रिलच्या शेवटी 80 सेंटिमीटर उंचीच्या अडथळ्यांची पूर्ण फेरी, दोन्ही हातांवर.

आधी सांगायचे राहिले: शर्यतीचे हलके ॲल्युमिनियमचे नाल उड्यांच्या कामाआधी बदलून घ्यावेत, आणि खोगीर महिन्याभराने पुन्हा बसवून पाहावे, कारण चंदी आणि काम बदलले की पाठीचा आकार बदलतो. लिलावात दाढा पाहू देत नसतील तर निदान गालावरून दोन्ही बाजूंनी बोट दाबून पाहावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. आणि घोडा घरी आला की स्वार होण्याआधी दातांच्या डॉक्टरांची तारीख घ्यावी. पुढच्या तपासणीसाठी मी शेजारच्या तबेल्यांतले सात घोडे आत्ताच लिहून घेतले आहेत, आठवा मल्हार.