दुबार पेरणी: एका ‘ब’ने घातलेला घोळ

शब्दांच्या मुळांची कार्डं करतोय; मागच्या वेळी ‘दुबार’समोर ‘सं. (संस्कृत) द्विवार’ लिहून त्याचं कार्ड मिटवलं होतं. ते परत उघडावं लागलं. अडला तो ‘ब’.

संस्कृत ‘वार’ म्हणजे खेप, पाळी. मराठीत त्याचा ‘व’ टिकतो: एकवार, वारंवार. हिंदीचे बीस, बाघ, बाट म्हणजे आपले वीस, वाघ, वाट. मग घरचं रूप ‘दुवार’ व्हायला हवं होतं. म्हणजे ‘बार’ फारसी, तिथेही अर्थ खेप. थेट आला असेल नाहीतर हिंदी ‘दुबारा’च्या वाटेने. ‘दु’वरून काहीच ठरत नाही: ‘दुपार’ (द्विप्रहर) घरची, ‘दुतर्फा’मधला ‘तर्फ’ अरबी, ‘दु’ दोन्हीकडे तोच.

मग ‘बहार’ आडवा आला. फळबागेच्या मृग बहाराला बोलीत मृग बार म्हणतात, मग दुबार म्हणजे दोन हंगाम? अशा वेळी शब्द शेताबाहेर नेऊन बघायचा. ‘दुबार मतदार’मध्ये हंगाम कुठला? ‘दोनदा’ एवढाच अर्थ उरतो. बारदानातला ‘बार’ ओझ्याचा, तो बाजूला ठेवा.

अर्थाची नोंदही घट्ट करायला हवी. 75 ते 100 मिमी पाऊस होण्याआधी पेरलं आणि पुढे पावसाने ओढ दिली, की बी वाया जातं किंवा उगवलेलं करपतं. मग तेच रान पुन्हा पाभरीखाली (पेरणीच्या अवजाराखाली) येतं, ती दुबार पेरणी. मधेमधे उगवण चुकली तिथे बी टोकणं म्हणजे नांग्या भरणं. पहिलं पीक निघाल्यावर त्याच वर्षी, त्याच रानात दुसरं घेतलं तर ते दुसोटा क्षेत्र. तिन्हींची सरमिसळ झालेली उदाहरणं सरळ काढून टाकावीत.

कोशांचं म्हणाल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1857) शब्द कुठल्या भाषेतला याच्या खुणेसाठी झटपट. शेतीच्या बोली अर्थांना दाते-कर्वेंचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’च (1932–38) लागतो, मात्र त्यातली कंसातली व्युत्पत्ती डोळे झाकून उतरवू नये. फारसीची बाजू स्टाइनगासच्या फारसी-इंग्रजी कोशात पडताळायची.

‘पेरणे’ मात्र सुरेख सुटलं! प्रकिरति, प्राकृत पइरइ, मग पेरे: स्वरांमधला ‘क’ गळाला, ‘अइ’चा ‘ए’ झाला. ‘प्रकीर्ण’ याच धातूचा, म्हणजे मुळात विखुरणं, फोकून पेरणं. चाड्यावर (पाभरीच्या बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरून नळ्यातून ओळीत बी सोडलं तरी शब्द तोच राहिला.

पुढची पाळी ‘नांगी’ची होती. पण ‘दु’ हाताशी आहेच, तर आधी ‘दुसोटा’च घेऊ, ‘सोटा’ची जुनी उदाहरणं असतील तर गावाच्या नावासकट टाका.