उचल कुणी दिली, कुणी घेतली

मुंबईतल्या गुंतवणूक संस्थेला आपल्या कारभारात आधुनिक गुलामगिरी शोधायची असेल तर सुरुवात लॉबीतल्या खुर्चीपासून करावी. तिथल्या सिक्युरिटी गार्डला ड्यूटी किती तासांची, एवढंच विचारावं. उत्तर ‘बारा’ आलं, की पुढचं बरंचसं कागदावरच सापडतं.

आधी दराचा हिशेब. समजा, गार्डचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये आहेत. (आकडा सोयीसाठी घेतलाय, प्रत्यक्षात किमान वेतनाची चालू अधिसूचना समोर ठेवून बसावं.) त्यावर 5 टक्के घरभाडं 750, पीएफमधला मालकाचा वाटा इतर आकारांसह 13 टक्के म्हणजे 1,950, कामगार विम्याचा (ईएसआय) वाटा घरभाडं धरून 3.25 टक्क्यांनी 512, बोनस 8.33 टक्क्यांनी 1,250 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्क्यांनी 722. बेरीज 20,184. गार्डला आठवड्याची सुट्टी द्यायची तर त्या दिवशी रिलीव्हर, म्हणजे बदली गार्ड लागतो. त्याचे एक षष्ठांश, म्हणजे 3,364. झाले 23,548. रजा, गणवेश आणि एजन्सीचा नफा अजून धरलेलाच नाही. चोवीस तासांच्या एका पोस्टला आठ-आठ तासांचे तीन गार्ड लागतात, म्हणजे महिना 70,644 रुपये.

आणि कोटेशन येतं 42,000चं. ॲडमिन विभाग खूश! त्या रकमेत काय बसतं? बारा-बारा तासांचे दोन गार्ड, ओव्हरटाइम नाही, रिलीव्हर नाही, म्हणजे सुट्टीही नाही. खरं तर बारा तासांची ड्यूटी कायद्याने स्वस्त पडूच शकत नाही. आठ तास साधे आणि चार तास दुप्पट दराने धरले तर एका माणसाला सोळा तासांचा पगार द्यावा लागतो, दोघांना बत्तीस तासांचा. तिघांना आठ-आठ तास लावले तर चोवीस तासांतच भागतं. स्वस्त कोटेशनमधली तूट एजन्सी पदरची घालत नाही, ती गार्डच्या पगारातून निघते. म्हणून निविदेत हा सगळा तपशील ओळीओळीने भरून मागावा आणि बेरजेहून कमी दर आला तर पाकीट बाजूला ठेवावं. ‘सर्व्हिस चार्ज शून्य टक्के’ असं लिहून येणाऱ्यांपासून तर लांबच राहावं.

याला गुलामगिरी म्हणायचं का, असा प्रश्न बैठकीत हमखास निघतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली, एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितलं आहे, की किमान वेतनाहून कमी पैशात करवून घेतलेलं काम हे घटनेच्या 23व्या कलमाखाली सक्तीचं श्रमच. तरी पगार बुडवणं आणि माणूस बांधून ठेवणं यांत फरक आहेच. तो कळतो एका प्रश्नाने: हा माणूस उद्या नोकरी सोडू शकतो का? भरतीला त्याने कुणाला पैसे दिले, गणवेशाची अनामत कापली का, मूळ कागदपत्रं कुणाकडे आहेत, राहायची खोली एजन्सीची आहे का, मागच्या महिन्याचा पगार अडकवून ठेवलाय का? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं वाकडी आली तर तो अडकलेला आहे असं समजावं.

कागद चार लागतात आणि ते शेजारीशेजारी ठेवून पाहावे लागतात: इमारतीच्या ॲक्सेस कार्डची नोंद, एजन्सीचं मस्टर म्हणजे हजेरीपट, पीएफचा ईसीआर म्हणजे दर महिन्याला भरायचं विवरणपत्र, आणि गार्डचं बँक पासबुक. कार्ड सांगतं सकाळी 7.52 ते रात्री 8.06, महिन्याचे 29 दिवस. मस्टरवर 26 दिवस, रोज आठ तास, हजेरीचे सगळे ‘पी’ एकाच पेनने आणि एकाच हाताने मारलेले. ईसीआरमध्ये ‘एनसीपी दिवस’ असा रकाना असतो, म्हणजे पगाराविना गेलेले दिवस. पीएफ कमी भरायचा असला की तिथे आठ-दहा दिवस घुसडतात. पासबुकात पगार बरोबर जमा झालेला दिसतो, पण त्याच दिवशी त्याच एटीएममधून पाच जणांच्या खात्यातली रक्कम निघालेली असते. मग एटीएम कार्डं सुपरवायझरकडे आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

यात आपलाही हात असतो, तो कुणी तपासत नाही. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा आणि आपण एजन्सीचं बिल साठ दिवसांनी काढतो. लहान एजन्सी मग गार्डांचा पगारच थकवते. पगाराच्या रकमेइतका भाग दर महिन्याला आधी मोकळा करावा, वाद फक्त सर्व्हिस चार्जवर घालावा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते.

हे झालं घरचं. गुंतवलेल्या पैशाचं प्रकरण मोठं आहे आणि तिथे बहुतेकांची नजर चुकीच्या पानावर असते. सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेल्या बीआरएसआर (व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालात सक्तीच्या श्रमाच्या तक्रारी किती, हा रकाना आहे. तिथे ‘निरंक’ दिसलं की विश्लेषक पुढे सरकतो. हजारो कंत्राटी कामगार असलेल्या कंपनीत एकही तक्रार नाही, याचा अर्थ बहुधा तक्रार करायची सोयच चालत नाही, असा घ्यावा.

साखरेचंच बघा. फंडाकडे साखर कारखान्याचा एकही शेअर नसेल, पण साखर घेणारी शीतपेयाची, बिस्किटाची कंपनी असते, कारखान्याला कर्ज देणारी बँक असते. फडात ऊस तोडणारं जोडपं म्हणजे एक कोयता. हंगामाआधी कारखान्याचा पैसा तोडणी-वाहतूक ठेकेदाराकडे जातो, तिथून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) म्हणून बीड, जालना, परभणीकडच्या कोयत्याच्या हातात. ती तोडलेल्या उसाच्या टनामागच्या मजुरीतून फिटते. आजारपणात किंवा बाळंतपणात दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड कापतात. हंगाम संपला आणि बाकी उरली, की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावं लागतं. 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दबातल ठरतं. सक्तीचं काम दिसलं की ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरावं आणि तसं नसेल तर ते मालकाने सिद्ध करावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली बंधुआ मुक्ती मोर्चा या वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या संघटनेच्या खटल्यात सांगितलं.

ऑडिट मात्र कारखान्याच्या गेटच्या आतच होतं. तोडणी कामगार कारखान्याच्या मस्टरवर नसतातच, त्यामुळे नमुन्यात त्यांचं नाव येत नाही. ऑडिटर फडात पोचलाच तर मुकादम शेजारी उभा, बोलतो फक्त नवरा, आणि दोघांच्या कामाचा हिशेब त्याच्याच नावावर. म्हणून साखर घेणाऱ्या कंपनीला मोजकेच प्रश्न विचारावेत. साखर कुठल्या कारखान्यांची? उचलीची नोंद कोयत्यागणिक आहे का, आणि हंगामअखेरची बाकी किती? खाड्याचा दर काय? बाईच्या नावावर स्वतंत्र पैसे जमा होतात का? पाहणी डिसेंबर-जानेवारीत, न कळवता, फडात आणि कोप्यांवर (तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर) व्हावी. बायकांशी बाईनेच बोलावं, मुकादमाला लांब बसवून.

गुंतवणूकदाराच्या हातात काय असतं, याचं चांगलं उदाहरण मलेशियातल्या टॉप ग्लोव्हचं आहे. रबरी हातमोजे करणाऱ्या या कंपनीतल्या बांगलादेशी-नेपाळी कामगारांनी नोकरीसाठी दलालांना पैसे मोजले होते, म्हणजे उचलीचाच उलटा प्रकार: इथे कर्ज गावी काढलेलं. जुलै 2020मध्ये अमेरिकेने तिच्या दोन उपकंपन्यांचा माल अडवला, जानेवारी 2021च्या सर्वसाधारण सभेत ब्लॅकरॉक या बड्या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने संचालकांच्या फेरनिवडीविरुद्ध मत दिलं. कंपनीने 2020मध्येच भरतीचे पैसे परत करायचं मान्य केलं होतं, सुमारे 13.6 कोटी रिंगिट (मलेशियाचं चलन). सप्टेंबर 2021मध्ये बंदी उठली. शेअर विकून मोकळं होणाऱ्याला सभेत मत देता येत नाही, हे आमच्याकडच्या फंडांनी लक्षात घ्यायला हवं.

प्रकरण सापडल्यावर सर्वांत घातक चूक म्हणजे दुसऱ्याच दिवशी एजन्सीचा करार रद्द करणं. गार्डांची नोकरी जाते, थकलेला पगार बुडतो आणि कर्ज तसंच राहतं. आधी बोललेल्या माणसाचं नाव एजन्सीला कळणार नाही असं बघावं. मग थकबाकी काढून थेट कामगाराच्या खात्यात भरावी, अनामत आणि भरतीचे पैसे परत करायला लावावेत, उचल रद्द झाल्याचं लेखी घ्यावं. माणूस खरोखर बांधलेला असेल तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे जाऊन मुक्ती प्रमाणपत्र मिळवावं लागतं. केंद्राच्या 2016च्या योजनेत पुनर्वसनाची रक्कम प्रकारानुसार 1, 2 किंवा 3 लाख रुपये आहे. तीन महिन्यांनी पुन्हा पासबुक मागावं. परत केलेले पैसे पुढच्या आठवड्यात त्याच एटीएममधून निघालेले नाहीत ना, ते तिथेच दिसतं.