पायाचा डॉक्टर कोण, ते तुम्ही विचारलंत म्हणून

धुळ्यातल्या एका लहान दवाखान्यात मी ड्रेसिंगचं काम करते. हे कळलं की लग्नात, एसटीत, भाजीबाजारात हमखास विचारणा होते, "ताई, पायना डॉक्टर कोठे ऱ्हास?" डोळ्यांचा असतो, दातांचा असतो, मग पायाचाच का नसावा, ही शंका रास्तच आहे. परदेशात तो असतो, त्याला पोडिआट्रिस्ट म्हणतात. अमेरिकेत त्यासाठी चार वर्षांचं वेगळं शिक्षण आणि वर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, आहे. इंग्लंडात नोंदणी नसलेल्या माणसाला ही पदवी लावताच येत नाही. कुरूप काढण्यापासून जखमेपर्यंत पायाचं सगळं तो बघतो. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही हॉस्पिटलांत पायाचे वेगळे विभाग निघालेत, पण धुळे, नंदुरबार, जळगावात तशी पाटी शोधायला निघालात तर आधी चपला झिजतील.

इथे पाय वाटून घेतलेला आहे. कातडी त्वचारोगवाल्यांची, हाड हाडाच्या डॉक्टरांचं, साखर फिजिशियनची, आणि रक्तवाहिनी अडली तर बहुतेकदा नाशिक गाठायचं. धुणं, पुसणं, नखं कापणं, पट्टी बदलणं एवढं उरतं, ते आमच्यासारख्यांकडे येतं. म्हणून डॉक्टरचं नाव सांगण्याआधी मी विचारते, "दुखतंय का?"

"दुखतं म्हणून तर विचारतोय!" असं कुणी वैतागून म्हटलं की मला बरं वाटतं. दुखणाऱ्या पायाची बहुतेक कामं सावकाश, घरच्या घरी होण्यासारखी असतात.

टाचेचंच घ्या. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ येते, चार पावलं चालल्यावर कमी होते, आणि बसून उठलं की पुन्हा तेच. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जो जाड पट्टा असतो, त्याचं हे दुखणं. दिवसभर फरशीवर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या बायकांत ते फार बघते. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की घरात सुतक पडतं. पण असं वाढलेलं हाड टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळ माणसांतही सापडतं. त्यामुळे त्याच्या मागे लागू नका. घरातही मऊ तळाची चप्पल घाला, पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम रोज करा, फ्रीजमधली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. महिने लागतात, पण बहुतेकांचं वर्षाच्या आत ऑपरेशनशिवाय बरं होतं. एकदा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्या. मोबाईलवर बघून केलेला ताण निम्म्या लोकांचा चुकीच्या जागी बसतो, असं माझं मत आहे.

भेगांचं मात्र इथे पीकच येतं. काळी माती ओली असताना पायाला चिकटते, वाळली की कातडीतला ओलावा ओढून घेते, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला की टाचा शेतासारख्याच फाटतात. नंदुरबारकडे मिरची वाळवायच्या पथारीवर बसणाऱ्या बायकांच्या भेगांत तिखटाची पूड जाते. त्या पाय धुतात तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. भेग वरून पडलेली दिसते, पण मूळ दोष टाचेच्या कडेला साठलेल्या जाड, कोरड्या कातडीचा असतो. ती वाकत नाही, म्हणून चिरते. म्हणून आधी ती मऊ करायची. आंघोळीत पाय भिजले की वजरीने हलक्या हाताने घासायचं, टिपून घ्यायचं आणि कातडी ओलसर असतानाच युरियाचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावायची. रात्री पुन्हा लावून सुती मोजे घालायचे. घरात एरंडेल असेल तर तेही चालेल, फुकट पैसे घालवू नका. ब्लेडने कातडी तासू नका. आणि बिब्बा! भेगेत, नाहीतर मोडलेल्या काट्यावर, बिब्ब्याचं तेल तापवून लावायची रीत अजून गावोगाव आहे. त्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि भेग राहते बाजूला, त्या फोडांचं ड्रेसिंग मी करत बसते. सासूबाईंनी सांगितलं असेल तर त्यांना माझं नाव सांगा.

महिनाभर मन लावून करूनही टाच तशीच राहिली, किंवा तळवा कोरडा होऊन पीठ सांडल्यासारखं निघू लागलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते सोरायसिस असू शकतं, बुरशीही असू शकते.

चिखल्या पावसाळ्यात, आणि रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत पाणी भरणाऱ्यांना बाराही महिने. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं हा अर्धा उपचार. धुतल्यावर प्रत्येक बेचकी फडक्याने पुसा, फक्त वरून पाय पुसू नका. बुरशीचं मलम कातडी साफ दिसायला लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं. मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दिलेली ट्यूब मात्र परत करा. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आत पसरत राहते.

कुरूप म्हणजे चप्पल जिथे बोचते तिथे कातडीने घातलेलं ठिगळ. त्याला मूळ नसतं. आठवडे बाजारात तुमच्या डोळ्यांसमोर मूळ उपटून दाखवणारे बसतात, त्यांच्या हातचलाखीचं कौतुक करा आणि पुढे चला. बोचणारी चप्पल बदलली नाही तर कुरूप कुणीही काढलं तरी परत येणार.

आता "दुखतंय का?" याचं दुसरं उत्तर. "नाही हो ताई, दुखत काहीच नाही. नुसती जखम आहे, भरत नाहीये." हे ऐकलं की हातातलं काम बाजूला ठेवून मी आधी त्या माणसाला बसवून घेते.

मधुमेह जुना झाला की पायाचे मज्जातंतू बधिर होत जातात. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही, आणि येतो तेव्हा पट्टीला वास येत असतो. शिरपूरकडचे एक शेतकरीबाबा असेच आले होते. तळव्याला लहानसं भोक होतं, त्यातून पाणी येत होतं. धुऊन चिमटा घातला तर आत बाभळीचा काटा, चांगला नखाएवढा. तो घेऊन ते कापसाच्या शेतात कधीपासून हिंडत होते ते त्यांनाही सांगता येईना. बाहेर काढलेला काटा बघून म्हणाले, "हाऊ मना पायमा व्हता?"

त्यांची मी केली ती तपासणी तुम्ही आज घरी करू शकता. सुई नको, यंत्र नको. इंग्लंडातल्या इप्सविच गावच्या हॉस्पिटलात ही रीत निघाली. समजा वडिलांना मधुमेह आहे, तर त्यांना आडवं करा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. अंगठा, मधलं बोट, करंगळी, अशी दोन्ही पायांची मिळून सहा टोकं. आपल्या बोटाचं टोक त्यावर अलगद टेकवा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, टोचायचं नाही. कळलं की त्यांनी डावा की उजवा ते सांगायचं. बाबांच्या उजव्या करंगळीला मी बोट लावलं तर ते गप्प. मग हात मागे घेतल्यावर म्हणतात, "डावा!" सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर साखर बघणाऱ्या डॉक्टरांकडे पाय तपासून घ्या. तिथे दहा ग्रॅमचा नायलॉनचा दोरा टेकवून आणि ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, लावून नीट मोजतात, पायाची नाडी बघतात. तसंही मधुमेह असेल तर वर्षातून एकदा हे व्हायलाच हवं. डॉक्टरांनी आपणहून पाय बघितले नाहीत तर तुम्ही चपला काढून पाय पुढे करा, लाजू नका.

पाय बधिर असेल तर घरच्या उपायांतलं बरंचसं रद्द. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, पाणी तापलंय की नाही ते पायाला कळत नाही. शेकायची पिशवी नाही, कुरुपाची औषधी पट्टी नाही, नखांचे कोपरे कोरायचे नाहीत. चप्पल-बूट झटकून, आत हात फिरवूनच घालायचे. रोज रात्री तळवा बघायचा, वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. आणि एक पाय लाल, गरम, सुजलेला असूनही दुखत नसेल तर त्याच दिवशी निघा. आत हाडं ढासळत असू शकतात, अशा पायावर चालणं ताबडतोब थांबवावं लागतं.

डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज सर्जन 1946 साली तमिळनाडूतल्या वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांवर काम करताना त्यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती रोगामुळे आपोआप नव्हे. दुखणं कळत नाही म्हणून रोज होणाऱ्या जखमांनी ती जातात. मधुमेही पायाचंही तसंच. म्हणूनच कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेल्या मायक्रोसेल्युलर रबराच्या, एमसीआर म्हणतात त्या, चपला आज मधुमेह्यांना लिहून देतात. तळव्याच्या जखमेवर मी कितीही चांगली पट्टी बांधली आणि तुम्ही तिच्यावरच शरीराचा भार देत घरी गेलात, तर ती भरायची कशी? भार काढणं हेच तिथलं औषध.

यावरून चैत्रात भांडणं होतात. सप्तशृंगीला पायी जाणाऱ्या खान्देशी भाविकांत मधुमेहीही असतात, आणि नवस अनवाणी चालण्याचा असतो. तापलेल्या डांबरावर बधिर तळवा भाजतो आणि माणूस जयजयकार करत चालत राहतो. मी देवभोळी आहे, तरी बधिर पायवाल्यांना स्पष्ट नको म्हणते. चप्पल घालून गेलात म्हणून आई गडावरून परत पाठवणार नाही. फारच मनाला लागलं तर गाडीने जा आणि देवळापुरती चप्पल काढा, तीही सकाळी लवकर, फरशी तापायच्या आत.

दाखवायला कुठेही जा, पण घालून-घालून झिजलेली जुनी चप्पल पिशवीत टाकून न्या. नवी घालून येता, म्हणून आम्हाला काही कळत नाही. टाचेची बाहेरची कड जास्त झिजली की आतली, अंगठ्याखाली खड्डा पडलाय की करंगळीखाली, यावरून भार कुठे पडतो ते दिसतं. नवी घ्यायची तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि सकाळी बरोबर वाटलेलं माप तेव्हा आवळतं. बधिर पायाला मागून पट्टा असलेलीच घ्या. नुसती अंगठ्याची चप्पल पायातून निसटली तरी त्या माणसाला पत्ता लागत नाही.