मीठ जास्त झालं

निवृत्तीनंतर आम्ही दोघं चर्चच्या सेवेवर मेळघाटात निघालो, तेव्हा पोरगा म्हणाला होता, "आई, आता तरी आराम कर ना वं." बरं!

आज धारणीजवळच्या एका गावात जुलाबावरचं पाणी शिकवलं. 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्यानं सपाट 6 चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. आसवांपेक्षा खारट नको. माझं मराठी एक पोरगी कोरकूत सांगत होती. एका आजीनं चव घेतली, तोंड वाकडं केलं अन् काहीतरी बोलली. साऱ्या बाया खदखदल्या.

"मीठ जास्त झालं म्हणते," पोरगी लाजत बोलली.

खरंच झालं होतं. 33 वर्षं नर्स होते मी! सांडलं सारं, पुन्हा केलं. या वेळी चमचा आजीच्या हातात. हे तिकडं सतरंजी झटकत गालातल्या गालात हसत होते.