डी४ ची घाई

रविवार, रात्री साडेदहा

आजचा बुद्धिबळाचा डाव पुन्हा मांडून बसलोय. पांढरी मोहरी माझ्याकडे होती आणि ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्या, नेहमीचंच, इटालियन. (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा; नुसतं घर लिहिलं की ती प्याद्याची खेळी.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, सी३ घोडा एफ६. इथपर्यंत हात आपोआप चालतो. पाचव्या खेळीला मी लगेच डी४ ढकललं. सी३ खेळलोच होतो त्यासाठी, मग थांबायचं कशाला, असं वाटलं.

प्याद्यांची मारामारी झाली. प्रतिस्पर्ध्याने उंट बी४ वर नेऊन शह दिला, मी उंट डी२ वर मध्ये घातला, उंटाला उंट कटला आणि त्याने शांतपणे डी५ खेळलं. ई४ आणि डी४ वर शेजारी शेजारी उभी केलेली माझी जोडी तिथेच फुटली. ई४ चं प्यादं मारामारीत गेलं, डी४ चं एकटं उरलं आणि त्याच्या नाकासमोर डी५ वर काळा घोडा ठाण मांडून बसला. तशी ही स्थिती वाईट नाही, बरोबरीचीच आहे. हत्ती-घोड्यांना मोकळी जागा मिळते, ज्याला हल्ला करता येतो त्याला ती आवडेलही. मी मात्र संध्याकाळभर त्या एका प्याद्याची राखण करत बसलो आणि शेवटी तेच गमावलं.

आत्ता पटाकडे बघताना कारण स्वच्छ दिसतंय. माझा राजा अजून ई१ वरच होता, म्हणून तो शह बसला. आणि ई४ च्या प्याद्यामागे हत्ती नव्हता, म्हणून डी५ चा घाव वर्मी लागला. म्हणजे डी४ ही खेळी चुकीची नाही. तिच्याआधी दोन कामं व्हायला हवी होती.

पाचव्या खेळीला डी३ खेळलं तर ती होतात. मग किल्लेकोट (राजा दोन घरं हत्तीकडे, हत्ती त्याच्या पलीकडे), म्हणजे शहाची भानगडच मिटली. मग हत्ती ई१ वर, म्हणजे ई४ ला पाठीमागून आधार. या हत्तीच्या खेळीने आणखी एक गोष्ट साधते, आणि मला या ओपनिंगमधली तीच सगळ्यात सुंदर वाटते: एफ१ चं घर रिकामं होतं. बी१ चा घोडा डी२ वर येतो, सी१ च्या उंटाची वाट तेवढ्यापुरती अडवतो, मग एफ१ वरून जी३ ला पोचतो आणि उंटाची वाट पुन्हा खुली होते. हे सगळं होईपर्यंत डी४ हातातच राहतं. काळ्याला मात्र प्रत्येक खेळीला त्याचा विचार करावा लागतो.

आजोबांची आठवण आली. ते देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर जायचं. किल्लेकोट नव्हता, राजाला एकदाच घोड्याची उडी मारायची मुभा. आजोबांच्या हातून इथे डी३ च पडलं असतं, वेगळं काही पडूच शकलं नसतं. लहानपणी मला तो खेळ फार रेंगाळणारा वाटायचा.

२००० साली लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने स्पॅनिश या दुसऱ्या ओपनिंगविरुद्ध बर्लिन बचाव उभा केला आणि कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. त्यानंतर स्पॅनिशमध्ये अडलेले मोठे खेळाडू हळूहळू इटालियनकडे वळले, आणि वळले ते बहुतेक या एका घराच्या डी३ कडेच.

डाव सहाव्या खेळीपर्यंत मांडून ठेवलाय. एक गोष्ट अजून सुटत नाहीये. हत्ती ई१ वर गेला की एफ२ ची राखण एकट्या राजावर येते, आणि काळा उंट सी५ वरून नेमका तिथेच रोखून बसलाय. घोडा जी४ वर आला तर? मग आधी एच३ खेळून ते घर बंद करायचं, की हत्ती नेऊन गरज पडली तर ई२ वर घ्यायचा? पट आज उचलत नाही.