तुम्ही विचारलंत म्हणून: रानात न्यायला कुठली पिकअप घ्यावी?

ठाण्यात, ऐरोलीत किंवा खारघरला राहणाऱ्या माणसाने मुरबाड-शहापूरकडे एकर-दोन एकर जमीन घेतली की हा प्रश्न येतोच: "फोर बाय फोर पिकअप घ्यायचीय. शेतावर, रानात, कच्च्या रस्त्याला चालेल अशी. टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस की महिंद्रा बोलेरो कॅम्पर?" कधी कधी त्यातच "शिकारीलाही नेता येईल" असंही येतं. त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, ससा आणि रानडुक्करसुद्धा त्यात आले. शिवाय येऊरचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तानसा हे अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे परवानगीशिवाय गाडी आत घालणं हाही गुन्हाच. म्हणून पुढे जे लिहितोय ते शेत, पाणंद, ओहोळ आणि घाट यांच्यासाठी.

गाडी घ्यायची ती शेवटच्या दोन किलोमीटरसाठी, हे खरं. पण निवड सुरू होते सोसायटीच्या पार्किंगपासून. मोठी जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही ५.३ मीटरच्या आसपास लांब, म्हणजे बोनेट किंवा हौदा फूटभर बाहेर. यांत्रिक पार्किंग असेल तर पाळण्याच्या खांबावर लिहिलेली लांबी आणि वजनाची मर्यादा वाचा. हायलक्सचं रिकामं वजनच दोन टनांच्या वर जातं. पोडियमच्या रॅम्पला तीव्र वळण असेल तर तेही बघायला हवं, कारण या गाड्यांना वळायला सव्वासहा मीटरच्या आसपास त्रिज्या लागते. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा आणि तुमच्या जागेत उभी करून बघा. शोरूमच्या मैदानात यातलं काहीच कळत नाही.

दुसरा हिशेब वजनाचा. व्ही-क्रॉसमध्ये पाच माणसं बसली की हौद्यासाठी अधिकृत वजन दोन-अडीचशे किलोच्या आसपास उरतं. सिमेंटच्या पाच गोण्या टाकल्या की संपलं. कॅम्पर मात्र साधारण एक टनाची गाडी. खत, पाण्याची टाकी, कुंपणाचे खांब, आंब्याच्या पेट्या असा माल दर आठवड्याला न्यायचा असेल तर कॅम्परला तोड नाही आणि एका हायलक्सच्या पैशात दोन कॅम्पर येऊन वर पैसे उरतात. पण कॅम्परचे पाटे (लीफ स्प्रिंग) मालासाठी बनवलेले आहेत. रिकामी गाडी भिवंडी-वाडा रस्त्यावर पाठ मोडून ठेवते. शिवाय इंजिन ७५ अश्वशक्तीच्या घरातलं, त्यामुळे माळशेज चढताना गाडी दमते. घरच्यांना घेऊन दर शनिवारी जायचं असेल तर व्ही-क्रॉस बरी: १.९ लिटर, १६३ अश्वशक्ती, ३६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. हायलक्स तिच्या वरची: २.८ लिटर, २०४ अश्वशक्ती, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर आणि मागच्या डिफ्रेन्शियलला (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) लॉक. हे लॉक कशासाठी ते पुढे येतंच.

नंबरप्लेट पांढरी की पिवळी, हे बुकिंगआधी डीलरकडून लेखी घ्या. पिवळीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तुमची नोंदणी एमएच-०४ ला होणार असो की एमएच-४३ ला, "नंतर बघू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेलचा नियम महाराष्ट्रात नाही, तेव्हा त्या भीतीने जुनी गाडी सोडू नका.

आता फोर बाय फोर खरंच लागते का? ऑक्टोबर ते मे मुरमाच्या वाटेवर चांगल्या टायरची टू-व्हील ड्राइव्हही पोचते. जून ते सप्टेंबर मात्र भातखाचराच्या कडेची पाणंद म्हणजे वर फूटभर चिखल आणि खाली चिखलणीने घट्ट बसलेला थर. तिथे मागची दोनच चाकं ओढणारी रिकामी पिकअप जागच्या जागी खड्डा खणत बसते, कारण तिचं निम्म्याहून जास्त वजन पुढे इंजिनावर असतं. शेतावर पावसाळ्यात काम नसेल तर फोर बाय फोरचे पैसे वाचवून टायर आणि दोरात घाला. पावसाळ्यात जायचंच असेल तर लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे वेगळे गिअर) असलेलीच घ्या. लो रेंजमध्ये चाकांवरचा जोर साधारण अडीचपट होतो आणि उतारावर पहिल्या गिअरला गाडी इंजिनावर धरून उतरते, ब्रेकला हात लावावा लागत नाही. या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला डिफ्रेन्शियल नसतो. म्हणून कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळलात तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापायला बघतात, ताण गिअरबॉक्समध्ये साठतो आणि लिव्हर अडकून बसतो. भिजलेला घाट दिसला म्हणून सवयीने टाकू नका. रस्ता खरोखर घसरडा असेल तेव्हाच.

रिकामा हौदा घाटात घसरतो, हे बऱ्याच जणांना गाडी घेतल्यावर कळतं. पावसाळ्यात वाळूच्या दोन-तीन गोण्या, एकूण ८० ते १०० किलो, मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे ठेवा आणि पट्ट्याने घट्ट बांधा. सुट्या गोण्या ब्रेक मारल्यावर केबिनवर येऊन आदळतात.

चिखलात एका बाजूचं चाक हवेत गेलं की साधा डिफ्रेन्शियल सगळा जोर त्याच फिरत्या चाकाला देतो आणि जमिनीवरचं चाक नुसतं बघत बसतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. लॉक नसेल तर हॅन्डब्रेक दोन-तीन दाते ओढून हळू रेस द्या. फिरणारं चाक आवळलं जातं आणि थोडा जोर दुसरीकडे वळतो. लॉक सरळ रेषेत आणि सैल जमिनीवरच वापरायचा, कठीण जमिनीवर वळताना शाफ्ट तुटतो.

आपल्याकडचा खरा अडथळा म्हणजे बांध. व्ही-क्रॉसचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण २२५ मिमी, म्हणजे नऊ इंच, आणि दोन ॲक्सलमधलं अंतर तीन मीटरच्या वर. बांध फूटभर उंच. पुढची चाकं पलीकडे उतरली, मागची अलीकडेच राहिली, की गाडीचं पोट बांधावर टेकतं आणि चारही चाकांना पकड राहत नाही. तिरकं गेलात तर पोट वाचेल, पण मग कोपऱ्यातली दोन चाकं उचलली जातात, म्हणजे वर सांगितलेलाच घोटाळा. म्हणून बांध ओलांडायचाच नाही. ज्या फटीतून बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातो त्याच वाटेने जा, मग फेरा पडला तरी चालेल. फुटलेल्या बांधातून खाचराचं पाणी निघून जातं आणि लावलेलं भात सुकतं. बांध शेतकऱ्याचा, पाणीही त्याचंच. आपल्या हौसेपायी ते घालवायचा हक्क कुणालाच नाही.

टायरमध्ये एटीच (ऑल-टेरेन, सगळ्या जमिनींसाठीचे) घ्या. एमटीची (मड-टेरेन, खास चिखलाच्या टायरची) नक्षी खोल असते, चिखल झटकून टाकते, पण ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर घेते आणि घोडबंदर रोडवर रोज कानाशी घोंघावते. कंपनीचा आकार बदलू नका आणि भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नको. हवा रस्त्यावर दारावरच्या चिठ्ठीइतकी, बहुतेक ३२ ते ३५ पीएसआय. चिखलात १८ पर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि जमीन धरतो. दगडाळ वाटेवर २५ च्या खाली नको, कारण आपला काळा दगड धारदार असतो आणि फुगलेली बाजू तिथेच चिरते. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना वेग वीस-पंचवीसच्या आत ठेवा. डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची, तेव्हा बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर गाडीत हवाच.

पाण्याबद्दल. हायलक्सला कंपनी ७०० मिमी पाणी चालेल म्हणते, पण ते उभ्या पाण्याचं माप आहे. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, ओसरेपर्यंत थांबा. जिथे जायचंच आहे तिथे आधी चालत जाऊन खड्डे आणि दगड बघा. गरम डिफ्रेन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे त्याच्या हवा जाण्यायेण्याच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. म्हणून ब्रीदरला रबरी नळी जोडून ती हौद्याच्या पातळीपर्यंत वर न्या. काम कमी खर्चाचं, आणि स्नॉर्केलच्या (इंजिनासाठी छताच्या उंचीवरून हवा घेणाऱ्या नळीच्या) आधी करायचं.

अडकल्यावरचं सामान गाडीबरोबरच घ्या. ताणला जाणारा दोर आठ-नऊ मीटरचा, गाडीच्या वजनाच्या किमान तिप्पट ताकदीचा. ४.७५ टन भार पेलणारे दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), लहान दांड्याचं फावडं आणि जॅकखाली ठेवायला फूट बाय फूट जाड प्लायवूड, नाहीतर चिखलात गाडी उचलण्याऐवजी जॅकच खाली जातो. टोचन करताना दोर चेसिसला जोडलेल्या हुकालाच लावा. ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटला तर गोळीसारखा काचेतून आत येतो. दोरावर गोणपाट टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. झाडाला बांधायचं तर रुंद पट्टा, साखळी नको. साखळी साल कापते आणि साल गोल कापली गेली की झाड वाळतं.

बीएस-६ डिझेलबद्दलही सांगायला हवं. आठवडाभर माजिवडा ते कापूरबावडी रांगत चालवलेल्या गाडीचा धुराचा फिल्टर काजळीने भरतो. ती जाळायला एक्झॉस्ट तापावा लागतो, म्हणजे दहा-पंधरा दिवसांतून एकदा नाशिक महामार्गावर वीस मिनिटं एकसारख्या वेगात गाडी चालवा. फिल्टरचा दिवा लागल्यावर इंजिन बंद केलंत तर जाळायला सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि पट्टीवर तेल वाढलेलं दिसतं.

जुनी घेत असाल तर गाडी उचलून खालून बघा. पाटे चेसिसला जोडणारे शॅकल आणि त्यांच्या मागची चेसिसची बाजू हातोडीने ठोकून बघा. खाडीच्या हवेत गंज तिथेच बसतो आणि आवाज भद्द येतो. प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवा, जॉइंट क्रॉस खटखटला तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. कच्च्या जमिनीवर लो रेंज लावून वीस मीटर चालवा, लागायला कुरकुरत असेल तर सोडून द्या. आणि डिफ्रेन्शियलचा तेल भरायचा बोल्ट काढून, आत बोट घालून तेल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे, मग विकणारा काहीही म्हणो.